एक शनिवार द्या: मराठी वाहिन्यांच्या प्रोग्रॅमिंग टीमला नाशिकहून खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

मराठी वाहिन्यांवर आणि ओटीटीवर कुठल्या वेळेला काय लागणार हे तुम्ही ठरवता, म्हणून हे पत्र तुम्हाला. मी नाशिकची, पंचवटीत वाढले, गेली अकरा वर्षं सिरियलच्या प्रॉडक्शनमध्ये आहे. सुरुवात कंटिन्युटीपासून, मग शेड्युलिंग, आता ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर). म्हणजे कॉल टाईम किती, आर्टिस्टच्या डेट्स कशा बसवायच्या, बँकेत (म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले) एपिसोड किती शिल्लक, पाऊस आला तर आऊटडोअरचा सीन हॉलमध्ये कसा आणायचा, हे सगळं डोक्यात चोवीस तास चालू असतं. हे आधीच सांगतेय कारण पुढे मी जे मागणार आहे ते नुसतं फॅनचं मागणं नाही, रोजच्या रोज एपिसोड काढून देणाऱ्या बाईचं आहे.

मला मराठीत सायन्स फिक्शन सिरियल करायचीय. साधी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी.

गेल्या मे महिन्यात सकाळची पंचवटी पकडून मी आणि माझा रायटर मुंबईला एका वाहिनीच्या ऑफिसात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका ऑफिसचा नाहीच. कन्सेप्ट असा होता. रामकुंडाजवळ आमचा दुतोंड्या मारुती आहे, गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक एकमेकांना हेच विचारतं, पाणी कुठवर आलं, गुडघ्याला की कमरेला की गळ्याला. धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं पण आमच्या आज्यांना मारुतीच सांगतो. तर गोदाकाठच्या एका वाड्यात अकरावीतली मुलगी राहते, माळ्यावर आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, १९६९च्या महापुरात भिजलेला, तेव्हापासून बंद. एका ऑगस्टमध्ये तो आपोआप सुरू होतो आणि पाण्याचं माप सांगायला लागतो, आजचं नाही, तीन दिवसांनंतरचं. आणि सांगणारा आवाज तिचा स्वतःचाच असतो, पण थोडा वयस्कर. तेरा एपिसोड. व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेले इफेक्ट, जवळजवळ शून्य.

ऐकून घेतलं हो, चहा पाजला, चांगलंच वागले. मग पहिला प्रश्न आला, यात लग्न कुठे येतं. दुसरा, आपल्या प्रेक्षकाला हे जाईल का. आणि मग एकजण अगदी मनापासून, मदत करायच्या भावनेनेच म्हणाले की तो आवाज मेलेल्या आजीचा करा ना, म्हणजे हॉररमध्ये बसवता येईल. मी नाही म्हटलं. कारण आजीचा आत्मा केला की गोष्ट तिथेच संपते, कुणी प्रश्नच विचारत नाही. आणि आवाज स्वतःचा असला की ती मुलगी प्रश्न विचारायला लागते, हे कसं होतंय, मी आज सांडव्यावर गेले नाही तर उद्याचं माप बदलेल का, वही घेते, नोंदी करते, चुकते, परत मोजते. सायन्स फिक्शन म्हणजे मला एवढंच म्हणायचंय, एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि मग पुढचं सगळं नियमाने चालवायचं. ते नाही जमलं मला नीट समजावायला त्या दिवशी. परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

म्हणून आज एका बाईबद्दल लिहिते. तिचं नाव व्हेरिटी लॅम्बर्ट.

काळात प्रवास करणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची सिरियल डॉक्टर हू, ती बघणारे आपल्याकडे बरेच आहेत पण तो शो सुरू करणारी पहिली प्रोड्युसर एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती हे फार कुणाला माहीत नसतं. १९३५ला लंडनमध्ये जन्म. पहिली नोकरी हॉटेलात मेनू टाईप करायची. मग १९५६ला एका टीव्ही कंपनीच्या प्रेस ऑफिसात सेक्रेटरी, तिथून सहा महिन्यांत काढून टाकलं. दुसऱ्या कंपनीत परत टायपिंगच, आणि तिथून हळूहळू प्रॉडक्शन असिस्टंट. म्हणजे सेटवर जिला कुणी नावाने हाक मारत नाही ना, ती.

नोव्हेंबर १९५८चा एक प्रसंग आहे, मी नव्या मुलांना सेटवर नेहमी सांगते. तेव्हा टीव्हीवर नाटकं लाईव्ह व्हायची, टेक नाही, कट नाही, जे होईल ते थेट लोकांच्या घरात. एका नाटकात एक नट दोन सीनच्या मधे हार्ट अटॅकने गेला. नाटक चालूच. डिरेक्टर टेड कॉचेफ धावत फ्लोअरवर गेला, उरलेल्या नटांना त्या पात्राशिवाय पुढचं कसं निभवायचं हे सांगायला, आणि वर कंट्रोल रूममध्ये कॅमेरे कोण बघणार, तर ही, नुकतीच तेवीस वर्षांची झालेली असिस्टंट. तिने कॅमेरे चालवले आणि नाटक शेवटपर्यंत गेलं. मला विचाराल तर प्रोड्युसर म्हणजे काय याचं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा असं लोकांना वाटतं. सगळं कोसळत असताना खुर्ची न सोडणारा माणूस, तो प्रोड्युसर.

हे सगळं त्यांचा ड्रामाचा बॉस बघत होता, सिडनी न्यूमन. तो पुढे बीबीसीत गेला आणि १९६३मध्ये त्याने हिला बोलावून घेतलं. का? तर बीबीसीला शनिवारी संध्याकाळी एक भोक बुजवायचं होतं. दुपारचा खेळांचा कार्यक्रम संपला की संध्याकाळच्या गाण्यांच्या कार्यक्रमापर्यंत मधे वेळ उरायचा, तिथे लहान मुलं आणि मोठी माणसं दोघंही बसून राहतील असं काहीतरी हवं होतं. सर, मॅडम, हे वाक्य प्लीज परत वाचा. तुम्ही आम्हाला नेहमी स्लॉट सांगता, सातचा स्लॉट, साडेआठचा स्लॉट, या स्लॉटला हे चालतं आणि ते चालत नाही. आम्ही क्रिएटिव्हवाले त्यावर चिडतो. पण जगातली सगळ्यात जास्त काळ चाललेली सायन्स फिक्शन सिरियल हीसुद्धा स्लॉटच्या कागदावरच जन्माला आली. फरक एवढाच की त्या कागदावर आधी चाललेलीच गोष्ट परत लिहायची असं कुणी ठरवलं नाही.

तेव्हा बीबीसीच्या ड्रामा विभागात ती सगळ्यात तरुण प्रोड्युसर आणि एकुलती एक बाई. पहिल्या गोष्टीचा डिरेक्टर वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेला, वय चोवीस. त्या काळच्या लंडनमध्ये एक ज्यू मुलगी आणि एक भारतीय मुलगा, दोघांना मिळालेला स्टुडिओ जुनाट, गरम, अडचणीचा, एका एपिसोडचं बजेट अडीच हजार पौंडांच्याही आत. पहिला एपिसोड शूट झाला, न्यूमनने पाहिला, अजिबात आवडला नाही. मग काय केलं? बंद नाही केलं. चुका सांगितल्या आणि सगळा एपिसोड परत शूट करायला लावला. दुसरा चान्स दिला. मग तो २३ नोव्हेंबर १९६३ला लागला, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, लोकांचं लक्ष सगळं बातम्यांकडे. तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या एपिसोडच्या आधी पहिला परत दाखवला. त्याच सुमाराला वरच्या लोकांचा खर्चावरून हे आटोपतं घ्यायचा विचारही चालला होता, म्हणजे सगळं अगदी आपल्यासारखंच.

आणि मग आले डालेक, कवचात राहणारे परग्रहावरचे जीव. टेरी नेशनने लिहिलेली दुसरी गोष्ट. न्यूमनने पहिल्या दिवशीच बजावलं होतं की मोठ्या डोळ्यांचे राक्षस वगैरे मला नकोत, शो शिकवणारा असला पाहिजे. स्क्रिप्ट वाचून तो भडकला. लॅम्बर्ट ठाम राहिली, तिचं म्हणणं होतं की हे राक्षस नाहीत, अणुयुद्धानंतर त्या कवचाच्या आत जगायची वेळ आलेले जीव आहेत. शिवाय दुसरी स्क्रिप्ट तयार नव्हती, हेही खरं, टीव्हीत निम्मे निर्णय असेच होतात. गोष्ट गेली आणि प्रेक्षक १ कोटीच्या वर पोचले. न्यूमनने नंतर मान्य केलं की हा शो तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो, आणि तिच्या मधे पडायचं सोडलं.

मला इथे न्यूमनबद्दल बोलायचंय खरं तर. धाडस तिचं होतं, पण तो खुर्चीत होता आणि तो नाही म्हणू शकत होता, तेवढा अधिकार होता त्याच्याकडे. तुमच्याकडे आहे तेवढाच. आमच्याकडे, म्हणजे नाशिकमध्ये, कोल्हापुरात, नागपुरात, लॅम्बर्ट पुष्कळ आहेत हो. एकांकिका करणाऱ्या ग्रुपमध्ये जाऊन बघा, लाईट, सेट, बस, जेवण, परवानगी, सगळं एकटी पोरगी सांभाळत असते. त्यांना न्यूमन मिळत नाहीत.

आता पैशांचं. तुम्ही म्हणता सायन्स फिक्शन म्हणजे व्हीएफएक्स आणि तेवढं बजेट मराठीत नाही. तो डालेक रेमंड क्युसिक नावाच्या बीबीसीच्या पगारी डिझायनरने काढला, आत एक माणूस स्टुलावर बसून ढकलणार, आणि त्याचा हात म्हणजे काय तर बेसिन तुंबल्यावर आपण जो रबरी पंप दाबतो ना, तो. डॉक्टरचं यान म्हणजे लंडनच्या रस्त्यावर तेव्हा उभी असायची ती पोलिसांची निळी पेटी. यान निघतानाचा आवाज ब्रायन हॉजसनने घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासून काढला. आणि ती टायटल ट्यून, ती रॉन ग्रेनरने लिहिली पण तयार केली डीलिया डर्बीशायरने, की-बोर्डवर बोट ठेवलं की हवा तो आवाज अशी सोय नसताना, एकेक सूर टेपवर रेकॉर्ड करून, टेप कापून, चिकटवून.

हे वाचून आम्ही काय केलं ते सांगते. मिटिंगनंतर साधारण महिन्याभराने आम्ही आमच्याच पैशांनी बारा मिनिटांचा पायलट केला. सिरियलच्या पॅकअपनंतर रात्री, माझ्या मावशीच्या वाड्यात. आमच्या आर्टदादांनी तो रेडिओ जुन्या बाजारातून आणला, नुसतं लाकडी खोकं होतं, आतलं सगळं काढून त्यात देवघरातला छोटा पिवळा झिरोचा दिवा बसवला आणि काचेला आतून बटरपेपर लावला. दिवा लागला की आकड्यांची पट्टी अशी काही उजळायची, मॉनिटरवर बघताना आमचा फोकसपुलर, जो दिवसभरात एक शब्द बोलत नाही, तो म्हणाला, ताई हा चालू झाला की काय. रेडिओ जागा होतो तो आवाज आम्हाला आठ दिवस सापडत नव्हता. नेटवरचे सगळे आवाज खोटे वाटायचे. शेवटी मावशीकडे भजनाचे टाळ होते, एक टाळ उलटा धरला आणि दुसऱ्याची कड त्याच्यावरून अगदी हळू, न वाजवता नुसती फिरवली, मोबाईलवरच रेकॉर्ड केलं आणि स्पीड पाऊण कमी केला. काय आवाज आला म्हणून सांगू. खोल पाण्यातून घंटा यावी तसा. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी चढलं की काय होत असेल ते मला त्या रात्री ऐकू आलं. खर्च शून्य रुपये.

मग आम्ही तो पायलट वाड्यातल्या बायकांना दाखवला, मावशीचं भजनी मंडळ, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. म्हणजे तुमचा तो प्रेक्षक, ज्याला हे कळणार नाही. संपल्यावर दोन मिनिटं कुणी उठलं नाही. मग एकीने विचारलं, तिला पाण्याचं माप आधी कळलं आणि तिने सगळ्यांना हलवलं, मग पूर आला तेव्हा रेडिओवर तीच कशी काय बोलत होती, ती तर वरच्या अंगाला गेली होती ना? सर, हा प्रश्न आमच्या रायटरलाही पडला नव्हता. आम्ही सहावा एपिसोड त्या प्रश्नावर नव्याने लिहिला.

प्रेक्षकांना काय झेपतं याबद्दल नाशिककरांना काही शिकवायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही शाळेची सहल म्हणून तिथे जायचो आणि कारंजी बघून परत यायचो, कुणी सांगितलंच नाही की या माणसाने सिनेमासाठी पैसे उभे करताना आधी काय दाखवलं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं शूट करत राहिले, जवळजवळ महिनाभर, आणि पडद्यावर दाखवलं तेव्हा समोर बी फुटून वेल चढली. ते बघून पैसे मिळाले. म्हणजे भारतातल्या सिनेमाचा पहिला पिच हा एका विज्ञानाच्या चमत्काराचा होता, आणि समोरच्याला तो कळला होता, १९१२ साली! पुढे १९१८ला त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी इथे नाशिकला उभी राहिली, कालियाशी लढणारा कृष्ण म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला उभं केलं. ट्रिक सीन, मॉडेल, डबल एक्स्पोजर, सगळं याच गावात होत होतं. व्हीएफएक्सचं बजेट नाही हे कारण नाशिकमध्ये उभं राहून सांगणं मला जड जातं.

आणि गोष्टी नाहीत असं तर कुणी म्हणूच नये. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, आपलं नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. तेव्हापासून किती दिवाळी अंकांतून किती लोकांनी लिहिलंय. आणि २०२१ला ९४वं साहित्य संमेलन आमच्या नाशिकला झालं तेव्हा अध्यक्ष नारळीकरच होते. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण एका विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठी माणसाने अध्यक्ष म्हणून बसवलं. मे २०२५ला ते गेले. सगळ्या वाहिन्यांनी श्रद्धांजली दिली, मी पण त्या दिवशी प्रत्येक चॅनल लावून बघत होते, आणि मला राहून राहून वाटत होतं की यांच्यातल्या एकाने तरी आज घोषणा करावी.

दूरदर्शनने केलं होतं की. इंद्रधनुष, स्पेस सिटी सिग्मा, नंतर कॅप्टन व्योम. हिंदीत होतं, सेट आज बघितले तर साधे वाटतात, पण माझा मोठा भाऊ इंजिनियर झाला तो कशामुळे असं विचारलं तर अजूनही तो पुठ्ठ्याच्या यानाचंच नाव घेतो.

लॅम्बर्टचं पुढे काय झालं तेही सांगते कारण मला तिच्या करिअरमधला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६५ला तिने डॉक्टर हू सोडलं. शो तिच्याशिवाय १९८९पर्यंत चालला आणि २००५ला परत सुरू झाला. तिच्या काळातले काही एपिसोड आज कुणाकडेच नाहीत, बीबीसीने नंतर जुन्या टेप पुसून टाकल्या, सगळे मिळून नव्वदच्या वर एपिसोड अजून सापडलेले नाहीत. ती मात्र थांबली नाही, १९७४ला थेम्स टेलिव्हिजनची ड्रामा हेड झाली, वकिलांच्या गोष्टी केल्या, गुन्हेगारांच्या केल्या, बायकांच्या मताच्या हक्काची लढाई टीव्हीवर आणली, मग स्वतःची कंपनी काढली. १९९२ला तिच्या कंपनीने बीबीसीसाठी स्पेनमध्ये मोठा सेट उभारून एल्डोराडो नावाची सिरियल केली आणि ती सपशेल पडली, वर्षभरात बंद. पेपरवाल्यांनी सोलून काढलं. तरी १९९८पासून तिने एका रहस्यमालिकेची निर्मिती केली, तीही बीबीसीसाठीच, आणि ती गाजली. एक शो पडला म्हणून तिचे फोन घेणं कुणी बंद केलं नाही. आपल्याकडे एक सिरियल चार महिन्यांत बंद झाली तर त्या प्रोड्युसरचं काय होतं हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. म्हणूनच आपल्यातलं कुणी नवीन करायला जात नाही, अक्कल नाही म्हणून नाही, भीती वाटते म्हणून.

तर मागणं असं आहे. मला डेली नको. सायन्स फिक्शन आठवड्याला सहा दिवस होणार नाही, त्यात गोष्ट ताणली की नियम मोडतात आणि नियम मोडले की सगळं गेलं. आठवड्यातून एक दिवस द्या, शनिवार असेल तर उत्तम, संध्याकाळचा, मुलं आणि आजी-आजोबा दोघं जागे असतात तेव्हाचा. तेरा एपिसोड. पहिल्या चार आठवड्यांत टीआरपीवरून निर्णय घेऊ नका. आवाज आजीचा करायला सांगू नका. पहिला एपिसोड नाही आवडला तर बोलवा, चुका दाखवा, आम्ही परत शूट करू, त्या परत शूटचा माझ्या युनिटचा खर्च मी अर्धा उचलेन, हे लिहून देते. आणि माझीच गोष्ट घ्या असंही नाही, दुसऱ्या कुणाची जास्त चांगली असेल तर तिला द्या, मी तिच्याकडे शेड्युलिंग करायला येईन.

पायलट, तेरा एपिसोडचे वन-लाईनर, पहिल्या पाचचे पूर्ण स्क्रीनप्ले आणि एपिसोडवार बजेट तयार आहे. एक अडचण फक्त आधीच सांगून ठेवते. मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलेलं आम्हाला खरं शूट करायचंय, ते पावसाळ्यात एखाद-दोन वेळाच येतं आणि काही तासांत उतरतं. घाटावरच्या परवानग्या, समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावायची जागा, सेफ्टीचा बंदोबस्त हे सगळं मेअखेर लॉक करावं लागेल, म्हणजे तुमचं उत्तर एप्रिलमध्ये यायला हवं. नाही म्हणायचं असेल तरी एप्रिलमध्येच कळवा, मग निदान तो एक शॉट तरी आम्ही आमच्या पैशांनी घेऊन ठेवू.

तुमची,
पंचवटी, नाशिकची एक ईपी